बंदूक, पातं आणि खोबरेल

"आजोबा, या बंदुकीनं आजवर किती माणसं मारली?"

विचारलं क्षितिजानं, पण प्रश्न तिचा नव्हता. वर्गातल्या अफनाननं सहलीच्या बसमध्ये पैज लावली होती: म्हाताऱ्या शेखला तोंडावर हा प्रश्न विचारायचा. हिंमत असेल तर! अकरावीत गेल्यापासून क्षितिजाच्या अंगात धिटाईचं असं काही वारं शिरलं होतं, की 'हिंमत असेल तर' एवढं कानावर पडलं की तिचे पाय आपोआप पुढे पडत.

गुरुवारची सकाळ होती. सौदीतल्या बुरैदा शहराबाहेर, खजुराच्या बागेतल्या शेख अबू राशिद यांच्या खासगी म्युझियममध्ये अकरावीची सहल आली होती.

प्रश्न अरबीत सांगायची पाळी सुफियान चाचांवर आली. सुफियान मुकादम इथले राखणदार. बावीस वर्षांपूर्वी रत्नागिरीकडच्या खाडीकाठावरून आलेले, आणि क्षितिजाच्या वर्गातल्या अदिबाचे अब्बा. त्यांनी आधी क्षितिजाकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि नाइलाजानं प्रश्न शेखच्या कानात घातला.

अबू राशिद ऐंशीला टेकलेले, दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूची साय. आत्ता-आत्तापर्यंत ते रंगात येऊन गोष्ट सांगत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या तीन वर्षं आधी, त्यांचे वडील विशीत असताना, वाळवंटात परक्यांचं दोन पंखांचं विमान त्यांच्या अंगावर चालून आलं. वडिलांनी समोरून एकच गोळी झाडली. ती थेट प्रोपेलरच्या पात्यात घुसली, पातं मोडलं, विमान कोसळलं. त्या विमानातली ही मशीनगन, आणि तिच्यामागे भिंतीवर टांगलेलं ते अर्धं मोडकं लाकडी पातं.

प्रश्न ऐकला आणि त्यांचा चेहरा विझला. ओठ नुसतेच हलले. काठी टेकत ते हॉलबाहेर निघून गेले.

"इथे कुणी डोक्याला तेल थापून आलंय का?" अवघडलेपणा झटकायला अफनान नाक वर करून म्हणाली.

"ते लाकूड आहे गं," अदिबा म्हणाली. "अब्बा दर गुरुवारी पहाटे लोखंडाला मशीनचं तेल देतात आणि लाकडाला खोबरेल. कोकणात सगळं एका पावसात सडतं, गंजतं. ती भीती काही जात नाही त्यांची."

"आणि इथे तेलावर धूळ बसते," शेखचा नातू माजिद इंग्रजीत हसून म्हणाला. म्युझियमचा सगळा कारभार आता तोच बघायचा. "हजारदा सांगितलं. ऐकत नाही."

सगळे शेखच्या मागोमाग बाहेर वळले. पैजेचा दुसरा भाग उरला होता. क्षितिजा एकटीच मागे रेंगाळली, पटकन फोन काढला आणि पात्याशेजारी तोंड नेऊन स्वतःचा फोटो घेतला. तिचं हसू, कोपऱ्यात बंदुकीच्या नळीचं टोक, मागे खोबरेलानं तकतकणारं पात्याचं फुगीर अंग, उजव्या कडेला चांदणीसारखं फाटलेलं भोक, आणि नव्याकोऱ्या दिव्याचा गोल उजेड नेमका त्या भोकावर.

दारावर 'फोटो काढण्यास सक्त मनाई' अशी पाटी होती. तिच्याकडे क्षितिजानं पाठ केली.

*

शनिवारी दुपारी अदिबाचा फोन आला. आधी हुंदके ऐकू आले, शब्द नंतर.

"बंदुकीचा बोल्ट गायब आहे, क्षितिजा. माजिद म्हणतो अब्बांनी चोरला. संध्याकाळी मगरिबच्या अजानपर्यंत मिळाला नाही तर पोलीस येणार."

बोल्ट म्हणजे गोळीला मागून ठोकणारा मुठीएवढा पोलादी तुकडा. तो नसेल तर मशीनगन म्हणजे नुसती नळी. म्हणूनच परवान्याची अट अशी, की बोल्ट बंदुकीत ठेवायचा नाही. निराळ्या पेटीत, कुलपात ठेवायचा. पेटीच्या किल्ल्या दोन. एक माजिदकडे, दुसरी सुफियान चाचांकडे. आणि परक्या देशात हत्याराचा भाग चोरल्याचा आळ म्हणजे काय, हे बुरैदातल्या कुठल्याही मराठी घरात समजावून सांगावं लागत नाही. आधी कोठडी, मग इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, फुली, आणि बावीस वर्षांच्या इमानदारीचं बोचकं बांधून घरी रवानगी.

"बाबा, आपण जायला हवं."

बँकेत आयटी सांभाळणाऱ्या गिरीशनं चहाचा कप खाली ठेवला. "मुळीच नाही. आपण इथे नोकरीला आलोय. नाकासमोर चालायचं. पुढच्या महिन्यात माझा इकामा रिन्यू व्हायचाय, ठाऊक आहे ना?"

"अहो, पण सुफियान भाईंनी आपल्याला किती वेळा..." आई, म्हणजे पद्मिनी, बोलता बोलता थांबली.

टेबलाच्या टोकाला आसावरी मावशी खजुरातली बी काढत बसली होती. आसावरी जेद्दाची. विमा कंपन्यांसाठी खासगी चौकशी करणं हा तिचा धंदा. बुडाला म्हणून सांगितलेला माल खरंच बुडाला का, जळालेलं गोदाम आपसूक जळालं का, हे हुडकून काढायचं. चार दिवस बहिणीकडे विसाव्याला आली होती.

"गिरीश, मी एकोणीस वर्षं या देशात लोकांच्या भानगडीतच पडतेय," ती म्हणाली. "आज फुकट पडते. क्षितिजा, चप्पल घाल. यल्ला."

"ताई, ही लहान आहे..." गिरीश म्हणाला.

"म्हणूनच नेतेय. मला तिथलं काही माहीत नाही, ही गुरुवारी तिथे होती."

गाडीत क्षितिजानं पैजेची गोष्ट सांगितली. प्रश्नापुरती. फोटोचं तिनं गिळून टाकलं.

*

सुफियान चाचा फाटकाजवळच्या आपल्या खोलीत खाटेवर बसले होते. गुरुवारपासून आजपर्यंत दहा वर्षांनी म्हातारे झालेले. अदिबा दाराशी उभी होती, डोळे सुजलेले.

"मॅडम, माज्या पोरीची शपथ. मी त्या बोल्टाला हात पन लावलेला नाय."

"शेवटचा कधी पाहिलात?"

"रमजानच्या आधी. पेटी उगाच कशाला उघडू? ते अपशकुनी लोखंड."

"गुरुवारनंतर हॉलमध्ये काही वेगळं दिसलं?"

"दिसेल कसा? शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली, शेखना हाताला धरून मशिदीतून आणलं, तवर माजिदनं बोंब मारलेली. तवापासून मना हॉलची पायरी बंद. मी बोललो, बाबा, एकदा बगू दे तरी, कुटं पडला असेल. दारातून डोकवू पन दिला नाय."

आसावरीची भुवई किंचित वर गेली. "डोकावूही दिलं नाही?"

"नाय."

"शेख रागावलेत?"

"रागावले असते तर बरा झाला असता," सुफियान चाचा म्हणाले. "ते गप आहेत. बावीस वरसं माजा हात धरून चाललेला मानूस. तुमी येताय म्हटल्यावर एवडाच बोलले, येऊ दे. मगरिबपर्यंत."

*

हॉलमध्ये एक जण शिडीवर चढून दिव्याशी झटापट करत होता. नागेश, सांगलीचा. नव्या मांडणीचं नि दिव्यांचं काम त्याच्याकडे होतं.

"आयला, मराठी! या की ताई." तो खाली उतरला. "बघा, माणसानं मन लावून काम करावं आणि कुणीतरी येऊन त्याचा इस्कोट करावा. बुधवारी हा दिवा मी दोरी लावून बसवला होता. आता उजेड बघा कुठं पडलाय! वीतभर सरकलाय. आणि स्क्रू तर जसाच्या तसा घट्ट. भूत येऊन हलवून गेलं म्हणायचं."

"पातं तुम्ही कधी उतरवलं होतंत?"

"मी? छे! शेखच्या बापानं टांगलंय ते. मी नुसता उजेड टाकतो."

क्षितिजाचे डोळे मात्र बंदुकीवरून हटत नव्हते. गुरुवारी जी नुसती एक जुनी वस्तू होती, तिनं आता अदिबाच्या घराचा घास घ्यायला तोंड उघडलं होतं. काळी, लांब, नळीभोवतीच्या कवचाला वारा आत घ्यायला पाडलेल्या खाचा. मागच्या बाजूला, बोल्टच्या जागी, रिकामी खोबण.

"हिला मूठ नाही," आसावरी बंदुकीभोवती फिरत म्हणाली. "चापही नाही."

"विमानाची ना," नागेश म्हणाला. "माजिद साहेब सांगतात, ही इंजिनावर, पायलटच्या नाकासमोर बसवलेली. पायलट बसल्या जागी तार ओढतो, ही सुटते."

"म्हणजे पंख्याच्या मागे?" क्षितिजानं विचारलं. "मग गोळ्या आपल्याच पंख्याला नाही लागत?"

आसावरी वळली. "वा. हा प्रश्न कुणाच्या पैजेचा?"

क्षितिजाचे कान लाल झाले. "माझाच."

"मग उत्तर देते. नाही लागत. इंजिनाची नि बंदुकीची सांगड घातलेली असते. पातं नळीसमोरून पुढे सरकलं की मधल्या फटीतून गोळी जाते. दोन्ही एका तालात चालतात." तिनं पात्यावरून हळूच तळवा फिरवला. "कोरडं ठणठणीत आहे. आणि पोळपाटासारखं सपाट. क्षितिजा, जरा तुझी करंगळी दे."

तिनं क्षितिजाचा हात धरून करंगळी पात्याच्या डाव्या कडेच्या भोकात घातली. करंगळी अगदी बेतानं गेली.

"जपून काढ. लाकूड सुटलंय, कुसळ घुसेल."

मावशीला बोल्ट शोधायचा सोडून लाकडाशी कसले खेळ सुचतायत, हे क्षितिजाला कळेना. बाहेर उन्हं कलायला लागली होती.

*

मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, शेख भिंतीला टेकून बसले होते. शेजारी माजिद, पांढऱ्याशुभ्र, पायघोळ थोबमध्ये, फोन मांडीवर. कहवा ओतणारा लांब चोचीची किटली, दल्ला, घेऊन फिरत होता. आसावरीनं कहव्याचं इवलंसं फिंजाल घेतलं, क्षितिजानं घेतलं. माजिदपाशी ओतणारा अडखळला. माजिदनं डावा हात पुढे केला होता.

खोलीत क्षणभर शांतता झाली. डाव्या हातानं कहवा घ्यायचा नसतो, हे बुरैदात वाढलेल्या क्षितिजाला शाळेआधी कळलं होतं.

"काय झालं?" न दिसणाऱ्या शेखला ती शांतता ऐकू आली.

"उजव्या हाताला खजुराचा काटा लागलाय, आजोबा." माजिदच्या अंगठ्याला आणि दोन बोटांना पट्टी होती. ओतणाऱ्यानं फिंजाल त्याच्यासमोर खाली ठेवलं.

आसावरी एकोणीस वर्षांत मुरलेल्या अरबीत बोलायला लागली. मधूनमधून ती क्षितिजासाठी मराठीत सांगत होती.

"बोल्ट नाही, हे काल कसं लक्षात आलं?"

"उद्या रियाधहून समिती येतेय," माजिद म्हणाला. "म्युझियमला मान्यता मिळायचीय. त्यांच्यात विमानांचा एक जाणकार आहे. सगळं जागच्या जागी आहे ना, बघायला पेटी उघडली."

"जाणकारानं आधी काही मागवलं होतं का?"

"नेहमीचंच. कागदपत्रं, बंदुकीचे फोटो, पात्याचे दोन्ही बाजूंनी फोटो. मी म्हटलं, प्रत्यक्षच येऊन बघा."

"आणि चोर सुफियानच, कशावरून?"

"किल्ली दोघांकडे. मी माझंच घर कशाला लुटीन?"

आसावरीनं मान डोलावली. मग ती शेखकडे वळली. "शुक्रवारी नमाजाला तुमच्याबरोबर कोण होतं?"

"सुफियान. माझ्या उजव्या हाताला, नेहमीसारखा."

"आणि नातू?"

"मागून येतो म्हणाला होता." म्हाताऱ्यानं काठीवर दोन्ही हात ठेवले. "मुलगी आली आहे ना, तो प्रश्न विचारणारी?"

क्षितिजाला वाटलं, गालिचा दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. "चुकलं माझं, आजोबा," ती मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाली.

शेखनं मान हलवली. 'हो' म्हणून की 'नाही' म्हणून, कळलं नाही.

*

बाहेर गाडीपाशी आसावरी थांबली. "आता दाखव."

"काय?"

"पैजेचा पुरावा. नुसत्या तोंडी पैजेवर कोण विश्वास ठेवतं? मी विम्यात काम करते, बाळा."

क्षितिजानं फोन मुठीत घट्ट धरला. "मावशी, तिथे मनाई होती. हत्याराचा फोटो आहे. बाबांना कळलं तर... आणि पोलिसांना कळलं तर बाबांचा इकामा..."

"ठाऊक आहे. म्हणून हिसकावून घेत नाहीये, मागतेय."

फाटकाजवळच्या खोलीच्या दारात अदिबा अजून तशीच उभी होती. क्षितिजानं फोन उघडून मावशीच्या हातात दिला.

आसावरी त्या फोटोकडे खूप वेळ बघत राहिली. मग तिनं दीर्घ श्वास घेतला. "खलास, सुटलं कोडं," ती म्हणाली. "चल. शेखना, माजिदला, नागेशला हॉलमध्ये बोलाव. आणि सुफियान भाईंना. त्यांना तर आधी."

*

मगरिबला अर्धा तास होता. सुफियान चाचांना बघताच माजिद उठला, पण शेखनं काठी आडवी धरली. "येऊ दे त्याला."

सुफियान चाचा उंबरठ्यातून आत आले. सवयीनं त्यांची नजर बंदुकीवरून भिंतीकडे गेली, आणि ते जागच्या जागी थबकले.

"या अल्ला! हा पातं उलटा कुनी लावला?"

"बघा," आसावरी शांतपणे म्हणाली. "दारातून एक नजर टाकली आणि ओळखलं. याच नजरेला काल दुपारपासून हॉलची पायरी बंद होती."

आसावरी भिंतीपाशी गेली.

"सगळे बंदुकीकडे बघत होते, कारण बंदुकीचा तुकडा हरवला होता. मीही आधी तिकडेच बघितलं. मग नागेशनं सांगितलं, की दिवा सरकलाय. पण स्क्रू घट्ट होता. दिवा जागचा हलला नसेल, तर ज्यावर तो रोखलाय ते हललंय. हे पातं कुणीतरी उतरवलं, पाठचं पोट केलं आणि परत टांगलं. त्यामुळे उजव्या कडेचं भोक डावीकडे गेलं, आणि उजेड कोऱ्या लाकडावर पडायला लागला."

नागेशनं कपाळावर हात मारला.

"दर गुरुवारी सुफियान भाई याला खोबरेल लावतात. टांगलेल्या पात्याला, म्हणजे समोर दिसेल त्याच बाजूला. परवाच लावलं. पण आज ही बाजू हाडासारखी कोरडी आहे. तेल कुठे गेलं? नागेश, जरा खाली घ्या."

नागेशनं पातं उतरवलं. मागच्या पांढऱ्या भिंतीवर लांबट, पिवळसर डाग उमटला होता. हॉलभर खोबरेलाचा वास पसरला. आसावरीनं पातं वळवून धरलं: तकतकीत, फुगीर अंग, आणि चांदणीसारखं फाटलेलं भोक.

"गुरुवारी सकाळी हीच बाजू समोर होती. याला साक्ष आहे." तिनं क्षितिजाचा फोन वर धरला. फोटोतल्या क्षितिजाच्या गालाशेजारी तीच चांदणी होती. माजिदच्या तोंडावरचा रंग उडाला.

"पण मावशी," क्षितिजाला राहवेना, "पातं उलटं टांगून कुणाचा काय फायदा?"

"गोळी ज्या बाजूनं शिरते तिथे भोक लहान नि गोल असतं. ज्या बाजूनं बाहेर पडते तिथे लाकूड फाटतं. तुझी करंगळी बेतानं गेली, ती शिरायची बाजू. ही चांदणी म्हणजे बाहेर पडायची. आता पात्याचा आकार बघ. फुगीर अंग विमानाच्या पुढे असतं, सपाट अंग पायलटकडे. गोळी सपाट बाजूनं शिरली. म्हणजे पाठीमागून."

क्षितिजानं बंदुकीकडे पाहिलं. मूठ नसलेली, चाप नसलेली, पंख्याच्या मागे बसणारी बंदूक.

"ताल चुकला," ती पुटपुटली. "विमानानं स्वतःचंच पातं फोडलं."

"हो. बंदूक कधीतरी इंजिनाआधी सुटली. जमिनीवरून झाडलेल्या कुठल्याच गोळीनं हे विमान पडलेलं नाही. समितीतल्या जाणकाराला हाच संशय आला, म्हणून त्यानं दोन्ही बाजूंचे फोटो मागितले. आणि कुणाला तरी वाटलं, की लहान भोक समोर आणलं की गोळी समोरून आल्यासारखं दिसेल. भोक कळलं त्याला, पात्याचं पोट नि पाठ मात्र कळली नाही."

"हे मी केलं म्हणता?" माजिदचा आवाज चढला. "नागेश का नाही? सुफियान का नाही?"

"नागेशनं पातं फिरवलं असतं तर आधी स्वतःचा दिवा फिरवला असता, शिडी लावून भुताला शिव्या दिल्या नसत्या. शेखना हे ओझं पेलणार नाही. सुफियान भाईंना कोरडी बाजू दिसली असती तर त्यांचा हात पहिल्यांदा खोबरेलाच्या बाटलीकडे गेला असता. आणि बोल्ट चोरून त्यांना काय मिळालं? हॉलची बंदी. ती बंदी ज्यानं घातली, त्याला मात्र हवं ते मिळालं. शेखना दिसत नाही. मग या घरात पातं फिरवलेलं ओळखेल असा माणूस उरला एकच. माजिद, तुला बोल्ट नकोच होता. तुला हा माणूस इथून हलवायचा होता."

ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"शुक्रवारी सगळे नमाजाला गेले, तू मागे राहिलास. पट्टी सोड. आत खजुराचा काटा निघाला तर मी तुझ्या आजोबांसमोर हात जोडून माफी मागीन. पण जुन्या लाकडाचं काळं कुसळ निघालं तर?"

माजिदनं पट्टी सोडली नाही. त्यानं डावा हात खिशात घातला आणि फडक्यात गुंडाळलेला मुठीएवढा पोलादी तुकडा आजोबांच्या पायाशी ठेवला.

"सगळ्या बुरैदाला ती गोष्ट ठाऊक आहे, आजोबा," तो म्हणाला. "लोक पणजोबांना हसले असते."

शेखनं काठीच्या टोकानं तो तुकडा चाचपला. मग ते बोलले, आणि आसावरी हळू आवाजात मराठीत सांगत गेली.

"माझ्या बापानं गोळी झाडलीच नाही. त्याच्याकडे तेव्हा बंदूकही नव्हती. विमान आपसूक पडलं. आत पायलट होता, पाय मोडलेला. बापानं स्वतःच्या वाट्याचं पाणी त्याला पाजलं, उंटावर घालून दोन दिवस चालवत विहिरीपर्यंत नेलं, जगवलं. मरताना त्यानं मला हे सांगितलं. पण मजलिसमध्ये लोकांना शिकारीची गोष्ट आवडायची. मलाही आवडायला लागली."

त्यांनी हवेत हात पुढे केला. सुफियान चाचांनी तो नेहमीसारखा धरला.

"परवा या मुलीनं विचारलं, बंदुकीनं किती मारले. खरं उत्तर ओठांवर आलं होतं. एकच. स्वतःचं विमान. मला ते बोलवलं नाही, म्हणून मी पळालो. आणि माझ्या पळण्याची शिक्षा तुला झाली, सुफियान."

सुफियान चाचांनी दुसऱ्या हातानं डोळे पुसले. बाहेर मगरिबची अजान सुरू झाली.

*

गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. पण माजिदनं शेखच्या परस्पर शुक्रवारीच फोनवरून तक्रार नोंदवून टाकली होती. हत्याराची तक्रार 'चुकून केली' म्हणून पुसता येत नाही. शेख नातवाला घेऊन सकाळी चौकीवर जाणार होते, बोल्टही देणार होते. तरी अधिकारी विचारणारच: नोकराला वाचवायला तुम्ही सगळे एक होऊन नातवाला पुढे करताय का? पातं गुरुवारी कसं होतं, हे दाखवणारी त्रयस्थ साक्ष एकच होती. ती क्षितिजाच्या फोनमध्ये होती.

घरी जेवणाची ताटं तशीच राहिली.

"फोटो पुसून टाक," गिरीश म्हणाला. "मनाईच्या जागी हत्याराचा फोटो. उद्या आपल्यालाच विचारतील. शेख माणूस सज्जन आहे, तो बघून घेईल सगळं."

"आणि नाही बघता आलं तर?" पद्मिनीनं विचारलं.

"पद्मिनी, पुढच्या महिन्यात इकामा..."

आसावरी खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिचं काम झालं होतं. यापुढचं काम घरच्यांचं होतं.

फोन थरथरला. अफनानचा मेसेज होता: *पैज जिंकलीस, समोसे तुझे. फोटो कुठाय?* त्याखाली अदिबाचा. त्यात शब्द नव्हते. सुफियान चाचांचा फोटो होता, खाटेवर बसलेले. शेजारी कपडे भरलेली बॅग. माणूस सुटला होता तरी त्याची बॅग अजून सुटली नव्हती.

क्षितिजानं फोन पालथा ठेवला. दोन दिवसांपूर्वी हिंमत म्हणजे काय, ते तिला फार चांगलं कळत होतं. आज तशी खात्री नव्हती. तरी ती उठून उभी राहिली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या शाळेला दांडी. सकाळी आठला मी चौकीवर जाणार, फोटो दाखवणार, आणि मनाई असताना तो मीच काढला हेही सांगणार. मी अठराची नाही, त्यामुळे जबाबावर आईची किंवा बाबांची सही लागेल. मी जाणार हे ठरलं. माझ्यासोबत कोण येतंय, तेवढं तुम्ही ठरवा."